हिमरांच्या खांद्याचं हाड

माग्नुस हिमर हा माणूस हट्टी आहे, हे जर्मनीच्या दक्षिण टोकाला आमच्या आल्गॉयमध्ये कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. छत आणि भिंत जिथं मिळतात तिथली प्लास्टरची नक्षीदार पट्टी, कॉर्निस, करणाऱ्यांची ही चौथी पिढी. आणि चारही पिढ्यांचा हेका एकच: पट्टी ओढायची तर छतावरच.

बाकीचे शहाणे लोक काय करतात? खाली लांब टेबल मांडतात, त्यावर पट्टी ओढतात, वाळली की तिचे तुकडे वर नेऊन चिकटवतात. मान मोडत नाही, हात भरून येत नाहीत, संध्याकाळी माणूस घरी जाऊन नीट जेवतो. हिमर मात्र परांचीवर चढणार, ओलं प्लास्टर कोपऱ्यात थापणार आणि हात डोक्यावर ताणून जस्ताचा साचा त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेणार. एकदा नाही, वीस-वीस वेळा, प्लास्टर आवळून घट्ट व्हायच्या आत. शेवटची ओढ तर अखंडच हवी. मध्ये हात थांबला की तिथं पट्टीत पायरी पडते, उंचवटा राहतो, आणि पायरी पडली की त्या घरात चार दिवस कुणी कुणाशी धड बोलत नाही. टेबलावर केलेल्या पट्टीला माग्नुस 'शिळा पाव' म्हणायचा. खालच्या पेठेतला श्टायनले टेबलावर काम करतो, म्हणून त्याला 'बेकरीवाला'. समोरासमोर म्हणायचा, बियर पिताना. श्टायनले बिचारा हसायचा.

हा माग्नुस आता सदुसष्ट वर्षांचा. त्याचा उजवा हात छातीच्या वर जात नाही. गेली वीस वर्षं नाही. सगळ्या गावाला त्यानं सांगितलेलं, मठाच्या कामावर परांचीवरून पडलो. गावानं मान डोलावली. मिस्त्री माणूस, पडायचाच. तेव्हापासून तो खाली उभा राहून प्लास्टर कालवतो, घड्याळ बघतो, ओरडतो. वर चढते ती त्याची मुलगी, आफ्रा.

आफ्रा एकुलती एक. सोळाव्या वर्षी कामाला लागली, चोविसाव्या वर्षी उस्तादकीची परीक्षा पास झाली, आणि आज छत्तिसाव्या वर्षी तिच्या हाताची नऊ मीटर सलग ओढ बघायला म्युनिकहून लोक येतात. लग्नबिग्न तिनं केलं नाही. एक जण होता मध्यंतरी. "तू छताशीच लग्न केलंयस," म्हणून निघून गेला. आई सहा वर्षांपूर्वी गेली. आफ्रा वरच्या मजल्यावर राहते, बाप खाली. भांडतात रोज, पण जेवतात एकत्र.

तर फेब्रुवारीतल्या एका सकाळी माग्नुस स्वयंपाकघरात कॉफी ओतत होता आणि आफ्रा दाराशी जाकीट घालत होती. तिनं डाव्या हातानं उजवा हात धरला, लाकडाचा असावा तसा बाहीत सारला, आणि मग बाकीचं जाकीट अंगावर ओढून घेतलं.

माग्नुसची कॉफी कपाबाहेर सांडली. तो स्वतः वीस वर्षं असंच जाकीट घालत होता.

"काय झालं गं खांद्याला?"

"कुठं काय? झोपेत अवघडला."

"कधीपासून?"

"बाबा, तू डॉक्टर कधीपासून झालास? आवर लवकर, झावर तिकडं बोंबलत असेल."

झावर म्हणजे त्यांचा जुना कामगार. त्याचं बोंबलणं हे निमित्त होतं. आफ्राला विषय नको होता, आणि खरं सांगायचं तर माग्नुसलाही नको होता. कॉफी सांडली ती त्यानं पुसली, बस्स.

आता जे माग्नुसनं कुणाला सांगितलं नव्हतं ते ऐका. तो परांचीवरून कधी पडलाच नव्हता. वीस वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात खांदा इतका ठणकायला लागला की रात्रभर खुर्चीत बसून काढायची पाळी आली, तेव्हा तो गुपचूप जिल्ह्याच्या गावी एका डॉक्टरकडे गेला. त्या म्हाताऱ्या डॉक्टरनं एक्स-रेचा फोटो उजेडात धरला आणि पेन्सिलीनं दाखवलं. "हे बघा हिमर, सांध्याच्या वर हाडाचं छप्पर असतं. तुमचं छप्पर जरा जास्तच बाहेर आलंय, आणि पुढच्या टोकाला बाक आहे, आकड्यासारखा. हाताला वर उचलणारी स्नायूची दोरी या दोघांमधल्या फटीतून जाते. तुम्ही हात डोक्यावर नेला की दोरी घासते. तीस वर्षं घासलीत. तुटली."

"मग आता?"

"आता काही नाही. जपायचं." मग त्यानं चष्मा काढला. "हाडाची ठेवण घरात उतरू शकते. उतरेलच असं नाही. मुलंबाळं आहेत?"

"एक मुलगी."

"काय करते?"

"शाळा संपली आत्ताच."

"तिचा एक फोटो काढून घ्या. आणि हात वर धरून करायच्या कामाला लावू नका म्हणजे झालं."

त्या दिवशी माग्नुस घरी आला तेव्हा आफ्रा अंगणात उभी होती, मिस्त्र्यांची नवीकोरी पांढरी पँट घालून. एक सप्टेंबरला ती कामाला लागणार होती. पँट तिनं स्वतःच्या पैशानं आणली होती आणि आईला मागूनपुढून दाखवत होती. "बाबा, मिस्त्रीण दिसते की नाही?" ती म्हणाली. आणि माग्नुस म्हणाला, "दिसतेस की." मग हाताचं काय झालं विचारल्यावर, पडलो म्हणाला.

एवढंच. एवढंच घडलं. उद्या सांगू, असं त्याला खरंच वाटलं होतं. आधी पहिलं वर्ष होऊ दे, मग म्हणाला परीक्षा होऊ दे. पुढं पुढं तर त्याला वाटायला लागलं की तिची ठेवण आईसारखी असेल, कशाला उगीच पोरीच्या डोक्यात भीती घाला. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवू शकतो. तिच्यानंतर दुसरं कुणी नव्हतं, आणि पट्टी छतावर ओढणारा हिमर उरला नाही तर आपण कशाला जगलो, असा त्याचा हिशेब होता. बायकोलासुद्धा त्यानं ताकास तूर लागू दिली नाही.

त्या फेब्रुवारीत काम चालू होतं मठाच्या वाचनालयात. छपरातून पाणी झिरपून एका बाजूची सगळी कॉर्निस खाली आली होती. ईस्टरच्या आत हॉल उघडायचा होता. आर्किटेक्ट बाई पाहणीला आल्या आणि वर बघून म्हणाल्या, "आफ्रा, ही नऊ मीटरची बाजू तुम्ही टेबलावर केलीत तरी चालेल हं. जुनी आणि नवी एका साच्याची झाली की झालं. आमची काही हरकत नाही."

आफ्रा बापाकडे बघायला लागली. आता सांगतो, तिनं उभ्या जन्मात टेबलाचं नाव काढल्यावर बापाकडे असं बघितलं नव्हतं. नेहमी तीच आधी खवळायची. त्या दिवशी ती वाट बघत होती. त्यानं फक्त "कर बाई टेबलावर" म्हणायचं होतं. तिचा मानही राहिला असता आणि खांदाही.

माग्नुसला ते कळलं. देवाशप्पथ कळलं. शब्द त्याच्या ओठावर आले होते. पण शेजारी झावर दात काढत उभा होता, आर्किटेक्ट बाई हातात वही घेऊन उभ्या होत्या, आणि चाळीस वर्षांची जिभेला लागलेली सवय. तो म्हणाला, "टेबलावर? मग बाई, बेकरीवाल्यालाच बोलवा ना. शिळा पाव ताजा करून देईल."

झावर खो खो हसला. आर्किटेक्ट बाईही हसल्या. आफ्राही हसली, थोडी उशिरा.

"ऐकलंत ना," ती म्हणाली. "छतावरच होईल."

गुरुवारी ओढायचं ठरलं. नऊला न्याहारी झाली. झावरनं लेबरकेस, म्हणजे भाजलेल्या मांसाची जाड चकती, घातलेले दोन पाव खाल्ले, आफ्रानं एकही नाही. तिनं पाठ फिरवून दोन गोळ्या गिळल्या आणि पाणी प्यायली. माग्नुसनं ते बघितलं आणि घमेल्यात प्लास्टर टाकायला लागला. लक्ष तिच्याकडं होतं, म्हणून पाणी जास्त पडलं, म्हणून पुन्हा कालवावं लागलं.

"मिस्त्री, झोप झाली नाही का?" झावर वरून ओरडला.

"तुझ्या कामाकडं बघ, माकडा!"

ओढ सुरू झाली. झावर प्लास्टर मारत पुढं, आफ्रा साचा दाबत मागं. चौथ्या खेपेला पट्टीला अंग आलं, दहाव्या खेपेला कडा दिसायला लागल्या. माग्नुस खालून घड्याळ बघत होता, पण खरं म्हणजे तिची कोपरं बघत होता. उजवं कोपर हळूहळू खाली येत होतं. ती ते डाव्या हातानं वर रेटत होती. पंधरावी खेप. सोळावी. प्लास्टर आवळायला लागलं.

"शेवटची!" झावर म्हणाला आणि बाजूला झाला.

"आफ्रा," माग्नुस खालून म्हणाला, "राहू दे."

"काय?"

"राहू दे म्हणतो. उतर खाली. उद्या टेबलावर करू."

तिनं वरून त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तिला वाटलं म्हातारा तिच्या कामाला नावं ठेवतोय. आणि वाटणारच. वीस वर्षांत त्यानं टेबल हा शब्द शिवीशिवाय कधी उच्चारला नव्हता. चेहरा तांबडालाल झाला तिचा.

"बघच आता," ती म्हणाली, आणि साचा लावला.

सहा मीटर लोण्यासारखे गेले. सातव्यावर तिच्या तोंडातून आवाज आला, ओरडणं नव्हे, पोटात गुद्दा बसल्यावर येतो तसा. साचा सुटला नाही. हात सुटला. उजवा हात खाली लोंबत राहिला आणि तिनं एकट्या डाव्यानं उरलेले दोन मीटर साचा ढकलत नेला, वाकडातिकडा, शेवटपर्यंत. मग फळीवर बसली आणि भिंतीला डोकं टेकलं.

"पायरी पडली," ती म्हणाली. "बाबा, पायरी पडली रे."

माग्नुस शिडीवर चढायला गेला आणि तिसऱ्या पायरीवर थांबला, कारण वरचा दांडा धरायला त्याचा हात पोहोचेना. तिला खाली आणलं ते झावरनं.

जिल्ह्याच्या गावी आता नवी डॉक्टरीण होती. फोटो पडद्यावर लावून तिनं दोन रेघा मारल्या आणि त्यातला कोन मोजला. "आम्ही हा कोन बघतो. पस्तीसच्या आत असला तर सहसा फार चिंता नसते. तुमचा एकोणचाळीस आहे. म्हणजे खांद्याचं छप्पर बरंच बाहेर आहे, आणि हात उचलताना या दोरीवर जास्त ताण येतो. आता, नुसत्या हाडानं काही होत नाही. असलं हाड घेऊन कितीतरी लोक ऑफिसात बसून मजेत म्हातारे होतात. पण असलं हाड, आणि वर वीस वर्षं हात डोक्यावर धरून..."

"शिवता येईल ना?" आफ्रानं विचारलं.

"प्रयत्न करू. पण दोरी खूप मागं ओढली गेलीय आणि स्नायूत चरबी भरलीय. हे परवाचं नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी अर्धी फाटली असणार, तुम्ही रेटत राहिलात. शिवलेलं टिकेलच अशी खात्री देत नाही. आणि वरचं काम, ते मात्र आता विसरायला हवं."

"काही दिवस?"

"नाही," डॉक्टरीण म्हणाली. "कायमचं."

आफ्रानं मान हलवली, जणू कुणी तिला दुकानात अमुक माल संपला म्हणून सांगितलंय.

"घरात आणखी कुणाला खांद्याचा त्रास?"

"बाबांना. पण त्यांचं वेगळं. ते परांचीवरून पडले होते."

डॉक्टरणीनं माग्नुसकडे पाहिलं. माग्नुसनं जमिनीकडे पाहिलं. तिनं कागदावर तसं लिहून घेतलं, आणि तो मूग गिळून बसून राहिला. दुसऱ्यांदा. त्याच हाडावरून.

गाडीत सवयीनं चालकाच्या जागेवर बसल्यावर आफ्रा रडायला लागली. झोळीत हात, आणि डाव्या हातानं नाक पुसतेय. "मीच गाढव. दोन वर्षं गोळ्या खात बसले. कुणाला बोलले नाही. तुला कळलं असतं तर तू मला वर चढू दिलं असतंस का? म्हणून तर नाही सांगितलं. तुझ्या वयाला असल्या खांद्यानं तू माझ्यासाठी खाली घमेली भरतोस, आणि मी म्हणू की मला दुखतंय? कुठल्या तोंडानं? मीच केलं हे, बाबा. माझं मीच वाटोळं केलं."

तिनं त्याला शिव्या दिल्या असत्या तर तो गप्प बसला असता. जन्मभर बसला असता. पण ती स्वतःला गाढव म्हणत होती, आणि ते त्याला सोसेना.

"मी पडलो नव्हतो," तो म्हणाला.

"अं?"

"परांचीवरून. मी कधी पडलोच नव्हतो. माझं हाड असंच आहे. डॉक्टरनं दाखवलं होतं फोटोत. म्हणाला होता मुलीलाही असू शकतं. म्हणाला, तिला या कामाला लावू नका."

काचेवर पाऊस की बर्फ, काहीतरी बारीक पडत होतं. आफ्रानं नाक पुसायचं थांबवलं.

"कधी?"

"ऑगस्टात."

"कुठल्या ऑगस्टात?"

त्यानं बाहीनं काच पुसली.

"बाबा, कुठल्या ऑगस्टात?"

"तू पांढरी पँट आणली होतीस," माग्नुस म्हणाला.

पार्किंगमधून लोक जात-येत होते. कुणीतरी मागून हॉर्न वाजवला, त्यांना जागा हवी होती. आफ्रानं गाडी चालू करायला हात पुढं नेला, आणि मग लक्षात आलं की ती चालवूच शकत नाही. ती उतरली. तो सरकून चालकाच्या जागेवर बसला, ती वळसा घालून दुसऱ्या बाजूनं आली.

घर येईस्तोवर ती एकच वाक्य बोलली. "कदाचित मी तरीसुद्धा आले असते. पण ते मी ठरवायला हवं होतं."

मार्चमध्ये ऑपरेशन झालं. मठातली पट्टी श्टायनलेनं टेबलावर करून लावली, सुरेख लावली, ईस्टरला हॉल उघडला. माग्नुस गेला नाही. झावर श्टायनलेकडे कामाला लागला. जाताना मिस्त्रीच्या समोर उभा राहून टोपी हातात फिरवायला लागला, आणि माग्नुस म्हणाला, "जा रे बाबा, जा. पाव ताजा असतो त्याचा." हसला नाही कुणीच.

आफ्रा वरच्या मजल्यावर, तो खाली. जेवण वेगळं. तिला लागेल ते शेजारची एर्ना मावशी करायची, केस बांधण्यापासून बटणं लावण्यापर्यंत. तपासणीला गेली तेव्हा शिवण अर्धी सुटल्याचं कळलं. माग्नुसला ते एर्नाकडून कळलं, कुंपणापलीकडून. तो आत येऊन कॉटवर बसला आणि उजवा हात बघत राहिला. जे व्हायचं ते आपल्याच हातावर भागलं का नाही, असं त्याला पुन्हा पुन्हा वाटत होतं. देव मानणारा माणूस, पण त्या दिवशी त्यानं देवालाही सोडलं नाही.

मे महिन्यात एका सोमवारी सकाळी जिन्यावर पावलं वाजली. आफ्रा खाली आली. कपडे नीट, केस मोकळे, मुठीत रबर.

"एर्ना मावशी बहिणीकडं गेलीय," ती म्हणाली. "आठला मला निघायचंय. बांधकाम सामानाच्या दुकानात काउंटरवर घेतायत. आज पहिला दिवस."

"बस ना," माग्नुस घाईघाईनं म्हणाला. "बस, बस."

ती खुर्चीवर बसली. तो मागं उभा राहिला, डाव्या हातानं तिचे केस गोळा केले आणि उजवा वर न्यायला गेला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. त्यानं गुडघे वाकवून बघितलं, वाकडं उभं राहून बघितलं. घामाघूम झाला. तिला मागं काय चाललंय ते न बघताच कळलं असणार. ती उठली, खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि खाली फरशीवर बसली, त्याच्याकडे पाठ करून.

तो खुर्चीत बसला. आता डोकं त्याच्या हातांखाली होतं. छत्तीस वर्षांच्या पोरीच्या केसांत दोनचार पांढरे झालेले त्यानं पहिल्यांदा बघितले. त्याला खूप वेळ लागला. रबर दोनदा निसटलं.

"आफ्रा, मी..."

"नको," ती म्हणाली. "बोलू नकोस. मला रडून तिकडं जायचं नाहीये. मी माफ केलं असं समजू नकोस, बाबा. केस बांधायला दुसरं कुणी नव्हतं."

"नाही समजत."

"घट्ट झालंय का?"

"झालंय."

तिनं उठायला डावा हात बाजूला टाकला. माग्नुसनं गुडघा पुढं केला, आधाराला, ती लहान असताना करायचा तसा. तिनं तो पाहिला. मग हात लांब करून तिनं भिंत धरली, तिच्या आधारानं उठली, आणि जिना न चढता सरळ दारातून बाहेर गेली.